दिवा उपाशी ठेवू नका : सौर कंदिलाचं चार्जिंग आणि निगा



या महिन्याचा पाठ सौर कंदिलाचा, म्हणजे आपल्या सोलर बत्तीचा आहे. आपल्या बऱ्याच गटांत बायकांनी अंतर्गत कर्जातून कंदील घेतले. काही घरांत तो कंदील तीन-चार वर्षं झाली तरी रोज रात्री लागतो. काही घरांत तो वर्षाच्या आत माळ्यावर गेला. कंदील एकाच कंपनीचा, ऊन एकाच गावचं. मग फरक कुठे पडला?

एका वस्तीवरच्या बैठकीत एका मावशीने हप्ता भरला आणि म्हणाली, "दिवा मेला, पण हप्ता अजून जित्ता हाय." सगळ्या हसल्या. तो कंदील आणायला लावला आणि पाहिला, तर प्लेटच्या वायरची पिन सैल झाली होती. मावशी रोज सकाळी प्लेट न चुकता उन्हात ठेवत होती, पण वीज कंदिलापर्यंत पोचतच नव्हती. असा उपाशी कंदील काही आठवडे वापरून, मग काही महिने माळ्यावर पडून राहिला. पिन नीट बसवल्यावर चार्जिंगचा दिवा लागला, पण बॅटरी आता जेमतेम अर्धा तास टिकत होती. बिघाड छोटा होता. लक्षात यायला उशीर झाला, म्हणून बॅटरी गेली.

आजच्या पाठातली एकच गोष्ट लक्षात राहिली तरी चालेल : कंदिलातली बॅटरी वापराने जितकी मरत नाही, तितकी ती रिकामी पडून राहिल्याने मरते. बाकी सगळं यातूनच निघतं.

कंदिलात असतं काय?

चार भाग असतात. पहिला भाग पॅनेल, म्हणजे आपण जिला प्लेट म्हणतो ती. ती उन्हाची वीज करते. दुसरा भाग बॅटरी. ती वीज रात्रीसाठी साठवते. तिसरा भाग एलईडी दिवा. तो फार कमी वीज खातो आणि सहसा सगळ्यात शेवटी बिघडतो. चौथा भाग आतली छोटी सर्किट पट्टी. ती बॅटरी भरली की चार्जिंग थांबवते आणि बॅटरी फार उतरली की दिवा बंद करते.

बॅटरी म्हणजे आपलं बचत खातं समजा. प्लेट दिवसा भरणा करते, दिवा रात्री पैसे काढतो. रोज भरण्यापेक्षा जास्त काढलं तर खातं रिकामं होणारच. दोष खात्याचा नसतो.

प्लेट कुठे आणि कशी ठेवायची?

१. प्लेटचं तोंड दक्षिणेला ठेवा. महाराष्ट्रात वर्षातला बराच काळ सूर्य दुपारी दक्षिणेकडे कललेला असतो. उगवतीकडे तोंड करून पाठ उभी राहा, तुमचा उजवा हात जिकडे, ती दक्षिण.

२. प्लेट थोडी तिरपी ठेवा. प्लेट एक फूट लांब असेल तर तिची मागची, म्हणजे उत्तरेकडची बाजू साधारण चार इंच उचलायची. खाली विटेचा तुकडा लावला की झालं. तिरपी ठेवल्याने पावसाचं पाणी आणि धूळही खाली सरकते.

३. सावली अजिबात पडू देऊ नका. हे सगळ्यात महत्त्वाचं. प्लेटमध्ये छोट्या छोट्या चकत्या एका रांगेत जोडलेल्या असतात. रोजगार हमीच्या कामावर आपण रांगेत उभ्या राहून घमेली पुढे देतो ना, तसंच. मधली एक बाई थांबली की सगळी रांग थांबते. प्लेटच्या एका कोपऱ्यावर शेवग्याची फांदी, कपड्याची दोरी किंवा पत्र्याची कड यांची सावली पडली तरी अख्ख्या प्लेटची वीज फार कमी होते. म्हणून एखाद्या दिवशी घरी असाल तेव्हा सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता जागेवर जाऊन सावली बघा. दिवाळीनंतर पुन्हा एकदा बघा, कारण हिवाळ्यात सूर्य खाली उतरतो आणि सावल्या लांब होतात. उन्हाळ्यात चांगली असलेली जागा संक्रांतीला सावलीत गेलेली असते.

४. खिडकीच्या काचेमागे प्लेट ठेवू नका. आपल्याला उजेड दिसतो, पण प्लेटला पुरेसं ऊन मिळत नाही.

५. प्लेट उन्हात, कंदील सावलीत. प्लेट वेगळी आणि वायर लांब असेल तर कंदील घरात किंवा ओट्यावर सावलीत ठेवायचा. बॅटरीला उष्णता सोसत नाही. एप्रिल-मेमध्ये पत्र्यावर हात टेकवत नाही, तिथे कंदील ठेवला तर बॅटरीचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. ज्या कंदिलाच्या अंगावरच प्लेट आहे, तो उन्हात ठेवावाच लागतो. पण तो पत्र्यावर किंवा तापलेल्या फरशीवर न ठेवता बाजेवर किंवा लाकडी पाटावर ठेवा, म्हणजे खालून वारा लागेल. बॅटरी भरल्याची खूण दिसली की लगेच आत घ्या.

६. चार्जिंग चालू असताना दिवा बंद ठेवा. उन्हात लागलेला दिवा दिसत नाही, त्यामुळे हे नेहमी राहून जातं. एकीकडून भरणा आणि दुसरीकडून खर्च चालू राहतो.

ज्या बायका सकाळी ८ वाजता मजुरीला जातात, त्यांनी प्लेट छपरावर कायमची बांधून वायर आत घेतलेली बरी. माकडांचा त्रास असेल तर प्लेटच्या चारही कोपऱ्यांना तारेने घट्ट बांधा, पण तार काचेवरून नेऊ नका.

प्लेट पुसायची कशी?

आठवड्यातून एकदा, आणि मळणीच्या किंवा धुळीच्या दिवसांत दोन-तीन दिवसांनी, प्लेट सुती ओल्या फडक्याने पुसा. वेळ सकाळची, प्लेट थंड असतानाची. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर काच तडकू शकते. राख, काथ्या, तारेची घासणी, भांड्यांचा साबण नको. काचेवर ओरखडे पडले की ऊन आत नीट जात नाही. पक्ष्याची विष्ठा वाळली असेल तर ओलं फडकं पाच मिनिटं त्यावर ठेवा, मग पुसा. कंदील चुलीच्या वर टांगू नका. धुराचा चिकट थर दिव्याच्या काचेवर बसतो आणि उजेड मंद होतो.

किती भरलं, किती खर्चलं? एक साधा हिशोब

कंदिलाच्या खोक्यावर किंवा बॅटरीवर आकडे असतात. समजा तिथे ३.२ व्होल्ट आणि ३००० एमएएच लिहिलंय. ३००० एमएएच म्हणजे ३ अँपिअर-तास. ३.२ गुणिले ३ म्हणजे ९.६. म्हणजे या खात्यात साधारण साडेनऊ वॅट-तास मावतात.

आता खर्च. मोठ्या उजेडावर दिवा दीड वॅट खात असेल, तर साडेनऊ भागिले दीड, म्हणजे सुमारे सहा तास. छोट्या उजेडावर अर्धा वॅट खात असेल, तर अठरा तासांच्या वर. मुलांच्या अभ्यासाला आणि स्वयंपाकाला मोठा उजेड लावा. झोपताना, गोठ्यात किंवा बाळंतिणीच्या खोलीत रात्रभर हवा असेल तर छोटा लावा. दोन्ही रात्री बॅटरी तीच, पण सकाळी उरलेली शिल्लक वेगळी.

आता भरणा. प्लेट ३ वॅटची असेल आणि चांगल्या उन्हाचे ५ तास धरले, तर १५ वॅट-तास झाले. पण धूळ, गरमी, तिरपं ऊन आणि वायर यात साधारण तिसरा हिस्सा जातो. हातात राहतात १०. म्हणजे स्वच्छ उन्हाच्या एका दिवसात आपली बॅटरी जेमतेम भरते. दुपारपर्यंत प्लेट सावलीत राहिली तर निम्मीच भरणार.

आणि आता मोबाइल. कंदिलाला मोबाइल चार्जिंगची सोय असते आणि घरातली मुलं ती वापरतात. नवीन स्मार्टफोनची बॅटरी ५००० एमएएचची असते आणि तिचा व्होल्ट आकडा ३.८ च्या पुढे असतो. गुणाकार केला तर १९ वॅट-तास. म्हणजे फोनची बॅटरी आपल्या कंदिलाच्या बॅटरीच्या दुप्पट! असा फोन रिकामा लावला तर तो अख्खा कंदील पिऊन टाकेल आणि तरी अर्धासुद्धा भरणार नाही. बटणाचा साधा फोन बराच कमी खातो, तो चालेल. स्मार्टफोन लावायचाच असेल तर दुपारी, ऊन चालू असताना आणि थोडा वेळच लावा. दिवेलागणीनंतर नाही. घरातल्या पोरांना हा गुणाकार त्यांच्याकडूनच करून घ्या, सांगण्यापेक्षा लवकर पटतो.

बॅटरी कोणती, हे ओळखा

आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकारच्या बॅटऱ्या दिसतात.

शिशाची बॅटरी : जुन्या, मोठ्या, जड कंदिलात असते. उचलला की वजनावरून कळतं. ही बॅटरी रिकामी ठेवली की आतल्या पट्ट्यांवर पांढरा थर धरतो आणि तो घट्ट होत जातो. मग ती वीज घेतच नाही. म्हणून वापर झाला की दुसऱ्याच दिवशी पूर्ण भरायची. काही महिने वापरायची नसेल, तर पूर्ण भरून ठेवायची आणि दर महिन्याला एकदा पुन्हा भरायची.

लिथियम बॅटरी : नवीन, हलक्या कंदिलात असते. हिला रोज शंभर टक्के भरायलाच हवं असं नाही, थोडं थोडं भरलं तरी चालतं. पण हिलाही रिकामं पडून राहणं आणि उष्णता सोसत नाही. ऊसतोडीला किंवा माहेरी बराच काळ जाणार असाल, तर निम्म्याच्या आसपास भरून, बंद करून, कोरड्या थंड जागी ठेवा. दोन-तीन महिन्यांनी घरात जे कोणी असेल त्यांना एकदा उन्हात ठेवायला सांगा.

दोन्हींसाठी एक सवय सारखी : दिवा मंद झाला किंवा लाल खूण लुकलुकायला लागली की बंद करा. आपोआप बंद होईपर्यंत रोज ओढू नका. आणि नवीन कंदील आणला की आधी दोन दिवस बंद ठेवून पूर्ण भरा, मगच वापरायला घ्या.

पावसाळ्यात काय?

कंदिलाची खरी गरज पावसाळ्यात लागते. वीज जाते, साप-विंचू निघतात, ओढ्याला पाणी असतं. नेमकं तेव्हाच ऊन नसतं. दाट ढगात प्लेट स्वच्छ उन्हाच्या मानाने फार कमी वीज देते. म्हणून :

ढगाळ दिवशीही प्लेट बाहेर ठेवा, थोडं तरी भरतं. प्लेटवर पाऊस पडला तरी सहसा काही होत नाही, पण कंदील आणि वायरची जोडणी भिजू देऊ नका. भिजलाच तर बंद करून, पुसून, सावलीत पूर्ण वाळवा, मगच चार्जिंगला लावा.

उघडीप मिळाली की आधी कंदील भरा, कपडे नंतर वाळत घाला. या दिवसांत छोट्याच उजेडावर चालवा आणि मोबाइल पूर्ण बंद.

काही कंदिलांना घरच्या विजेवर भरायचीही सोय असते. ती असेल तर वीज असताना कंपनीच्याच चार्जरने भरून घ्या. कुठल्याही मोबाइलचा चार्जर पिन बसते म्हणून लावू नका.

रब्बीत पंपाची वीज रात्रीच्या पाळीला आली की पाणी धरायला शेतात जावं लागतं. त्या आठवड्यात कंदील घरात किती आणि शेतात किती, हे आधीच ठरवा. अर्ध्या वाटेत बांधावर दिवा गेला तर त्याचा उपयोग काय?

दिवा लागत नाही? माळ्यावर टाकण्याआधी हे करा

पहिली पायरी : दिवा बंद ठेवून सलग दोन दिवस कडक उन्हात भरा. पुष्कळदा कंदील नुसता उपाशी असतो.

दुसरी पायरी : चार्जिंगची खूण लागते का बघा. लागत नसेल तर पिन काढून, कोरड्या फडक्याने पुसून, नीट आतपर्यंत बसवा. वायर हळू हलवून बघा. उंदराने कुरतडलेली किंवा दुमडून तुटलेली जागा हाताला लागते.

तिसरी पायरी : शेजारणीची प्लेट लावून बघा, पण कंदील अगदी त्याच कंपनीचा आणि त्याच मॉडेलचा असेल तरच. तिच्या प्लेटने चार्जिंग सुरू झालं तर दोष तुमच्या प्लेटमध्ये किंवा वायरमध्ये आहे. तिच्या प्लेटनेही झालं नाही तर दोष कंदिलात आहे. गटाने एकत्र खरेदी केल्याचा हा मोठा फायदा आहे.

चौथी पायरी : चार्जिंग होतं, पण दिवा पंधरा-वीस मिनिटांत जातो? मग बॅटरी दमली. नवीन बॅटरी त्याच प्रकारची आणि त्याच व्होल्टची घ्या. ३.२ व्होल्टची आणि ३.७ व्होल्टची बॅटरी दिसायला सारखी असते, पण भरण्याची हद्द वेगळी असते. चुकीची बसवली तर ती गरम होऊन पेटूही शकते. आकडा वाचता येत नसेल तर जुनी बॅटरी दुकानात सोबत न्या.

बॅटरी फुगली असेल, वास येत असेल किंवा हात लावल्यावर चटका बसत असेल, तर चार्जिंग लगेच थांबवा. कंदील घराबाहेर, गवत-काडीपासून आणि मुलांपासून लांब ठेवा. लिथियम बॅटरी उघडायची नाही, टोचायची नाही, पाण्यात टाकायची नाही.

जुन्या बॅटरीचं काय करायचं?

उकिरड्यावर, विहिरीजवळ किंवा चुलीत टाकायची नाही. शिसं विषारी असतं आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा सगळ्यात जास्त त्रास होतो. लिथियम बॅटरी आगीत फुटते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार जुनी बॅटरी इतर कचऱ्यात न मिसळता वेगळी द्यायची असते आणि ती परत घेण्याची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकलेली आहे. म्हणून नवीन बॅटरी घेताना जुनी दुकानदाराकडे द्या. शिशाच्या बॅटरीचे मोडीत पैसेही मिळतात, ते मागून घ्या.

हे काम आपल्याला जमतं

"हे वायरीचं काम, ते गडीमाणसांचं," असं अजूनही ऐकू येतं. आयआयटी मुंबईच्या सौर दिव्यांच्या उपक्रमात महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान आणि ओडिशातल्या शाळकरी मुलांसाठी १० लाख अभ्यासाचे दिवे तयार झाले. ते जोडायला आणि दुरुस्त करायला गावातल्याच माणसांना शिकवलं, त्यात बचत गटाच्या बायका होत्या. राजस्थानच्या डुंगरपूर जिल्ह्यातल्या आदिवासी बायका तर त्यापुढे गेल्या. आधी दिवे जोडले, डाग द्यायला शिकल्या, मग गटांच्या संघांनी मिळून सोलर प्लेट बनवण्याचा स्वतःचा कारखाना उभा केला. त्या आपल्यासारख्याच, शेतात आणि मजुरीला जाणाऱ्या बायका आहेत. पिन पुसणं आणि प्लेट बदलून बघणं आपल्याला नक्कीच जमेल.

गटाने काय ठरवायचं?

एक : गॅरंटी कार्ड आणि पावती गटाच्या पेटीत, कर्जाच्या कागदासोबत ठेवा. त्यावर खरेदीची तारीख आणि दुकानाचा शिक्का आहे ना, हे घेतानाच बघा. घरात कार्ड हरवतं आणि गॅरंटीत बसणारी दुरुस्ती खिशातून होते.

दोन : महिन्याच्या एका बैठकीत दहा मिनिटं कंदिलाला द्या. ज्यांनी कंदिलासाठी कर्ज घेतलंय त्यांच्या नावापुढे वहीत एक रकाना वाढवा : "दिवा चालू / बंद." बंद असेल तर त्याच आठवड्यात वरच्या चार पायऱ्या करायच्या. हप्ता चुकला की आपण लगेच विचारतो, तसंच दिवा बंद पडला की विचारायचं.

तीन : दोन वर्षांनी बॅटरीचा खर्च येऊ शकतो, हे धरून चला. गटाला पटलं तर प्रत्येकीने महिन्याला थोडी रक्कम त्यासाठी वेगळी टाकावी. किती, ते जवळच्या दुकानात बॅटरीची किंमत विचारून, २४ ने भागून ठरवा.

बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१. तुमच्या घरी प्लेट रोज कोण बाहेर ठेवतं आणि आत कोण घेतं? ती व्यक्ती गावाला गेली तर?
२. तुमच्या प्लेटवर दुपारी ३ वाजता सावली असते का?
३. तुमच्या कंदिलात बॅटरी शिशाची आहे की लिथियमची? व्होल्ट किती?
४. गटातले किती कंदील आज बंद आहेत? त्यांतले किती जणींचे हप्ते अजून चालू आहेत?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर सचिवताईंनी लिहून संघाच्या बैठकीत आणावं. गावोगावचे आकडे एकत्र आले की एका दिवसाचं दुरुस्ती शिबिर कुठे घ्यायचं, ते ठरवता येईल.

आणि पुढच्या बैठकीला येताना कंदील सोबत आणा. माळ्यावरचासुद्धा. फक्त आधी दोन दिवस उन्हात ठेवून आणा.